पत्ते जरा वर धरून

मंगळवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी नव्या माणसाने पहिला डाव जिंकला आणि आपले दोन पत्ते कुणालाही न दाखवता गड्डीत सारले.

"काय होते?" समोरच्या स्टुलावरून मिलीने विचारलं.

"काय, काय होते?"

"पत्ते. तुमच्या हातातले."

"ते आता गड्डीत गेले," तो म्हणाला आणि मधल्या काचा शांतपणे स्वतःकडे ओढून घेतल्या.

काचा खऱ्या नव्हेत. चष्म्याची नवी फ्रेम येते तेव्हा तिच्यात प्लास्टिकच्या खोट्या काचा असतात. खऱ्या बसवताना त्या काढून फेकायच्या. या दुकानात त्या कुणी फेकत नसे. मागच्या खोलीत एक मोठी बरणी भरून ठेवली होती, आणि एक ते दोन, शटर अर्धं खाली ओढलं की याच काचा लावून पोकरचा डाव बसे. ज्याच्या काचा आधी संपतील त्याने दुकानातले सगळे आरसे पुसायचे. आरसे एकोणीस होते.

दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. नव्याला खेळ त्यांनीच पाच मिनिटांत शिकवला होता. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते झाकलेले, मध्ये पाच उघडे. ज्याची जुळणी चांगली तो जिंकला. पण त्याआधी काचा लावत जायचं. झेपत नसेल त्याने पत्ते टाकून बाजूला व्हायचं. बाकी सगळे बाजूला झाले तर उरलेला जिंकतो, मग त्याच्या हातात राजे असोत की कचरा. आणि अशा वेळी पत्ते दाखवायची सक्ती नाही.

हे शेवटचं वाक्य नव्याने फारच मनावर घेतलं होतं.

तो डोळ्यांचे नंबर काढायला लागला होता, आज सकाळी दहापासून. काउंटरवर फ्रेमी विकणाऱ्या काकांनी त्याला अकरा वाजेपर्यंत 'डॉक्टर' करून टाकलं होतं. "मी डॉक्टर नाही," असं तो दर वेळी सांगे, आणि त्याने काही फरक पडत नसे. मिलीचं तसंच झालं होतं. काचा घासून फ्रेमीत बसवणं हे तिचं काम. फ्रेम अर्ध्या मिलीमीटरने कमी-जास्त निघाली तर ती परत पाठवायची. त्यावरून ती 'मिली' झाली आणि तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

"थाप होती," मिली म्हणाली. "हातात काही नव्हतं तुमच्या."

"असेल."

"की होतं?"

"असेल."

"अगं, सोड त्याला," काकू पत्ते पिसत म्हणाल्या. "तुझ्यासारखं सगळ्या गावाला दाखवत बसायचं का त्याने?"

हे मात्र खरं होतं. मिली जिंकली तरी पत्ते उघडे करायची आणि हरली तरी करायची. बाजूला होतानाही म्हणायची, "बघा, सत्ती आणि दुर्री, काय करणार?" काकू डोक्याला हात लावायच्या. पण मिलीला झाकलेलं काही सोसायचंच नाही. कादंबरी हातात आली की ती आधी शेवटचं पान वाचायची. वाढदिवसाच्या भेटी ती कागदाच्या फटीतून ओळखायची. आणि आता समोर एक माणूस येऊन बसला होता, ज्याच्या तोंडावरची माशीही हलत नव्हती.

तीन आठवड्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. पत्ते मात्र झाकलेलेच राहिले.

"एकदा दाखव ना. एकदाच."

"मग उद्या पुन्हा मागशील."

"उद्या नाही मागणार."

"नाही? मग आज दाखवून उपयोग काय?"

तिला हसू आलं आणि रागही आला, आणि आधी काय आलं ते तिला सांगता आलं नसतं.

महिना भरला तेव्हा काकूंनी फर्मान काढलं की दुकानातल्या सगळ्यांचे डोळे तपासून घ्यायचे. मिलीची पाळी गुरुवारी चार वाजता आली. खोलीत अंधार केलेला. त्याने हातातलं छोटं दिव्याचं यंत्र डोळ्याला लावलं आणि तो इतका जवळ आला, की त्याने जेवणानंतर बडीशेप खाल्ली होती हे तिला कळलं.

"माझ्याकडे बघू नकोस," तो म्हणाला.

"मग कुठे बघू?"

"माझ्या कानाच्या पलीकडे. भिंतीवर. हलू नकोस."

ती हलली नाही. त्याच्या कानाच्या पाळीवर एक बारीकसा तीळ होता. भिंतीवर काय होतं ते तिला आजतागायत माहीत नाही.

"काय दिसतंय तुला आत?" तिने हळूच विचारलं.

"सगळं."

"म्हणजे?"

"म्हणजे... डोळ्याचा मागचा पडदा. रक्तवाहिन्या. सगळं ठीक आहे."

"एवढंच?"

तो थांबला. दिवा अजून तिच्या डोळ्यात होता. "एवढंच लिहायचं असतं," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "काय गं, नंबर निघाला का?" मिली म्हणाली, "नाही." आणि मग अर्धा तास एकच काच घासत बसली. ती काच शेवटी वाया गेली.

पुढच्या आठवड्यात शिडीवरून खोकं काढताना त्याचा चष्मा पडला आणि फुटला. नव्या चष्म्याची चिठ्ठी त्याने स्वतःच लिहून तिच्या खिडकीतून आत सरकवली. उजवा डोळा अमुक, डावा डोळा तमुक. खाली 'कोटिंग' या शब्दापुढे लिहिलं होतं : नको.

काचेवर पडलेला उजेड उलटा परतून चमकू नये म्हणून हे कोटिंग करतात. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ते आवर्जून घ्यायला लावायचा.

"स्वतःला नको का?" मिलीने खिडकीतून विचारलं.

"कोटिंगच्या काचा यायला आठ दिवस लागतात. आठ दिवस मी आंधळ्यासारखा लोकांचे डोळे तपासू?"

दिव्याखाली अंधार, असं म्हणून तिने काचा यंत्रावर चढवल्या. चष्मा संध्याकाळी तयार झाला.

दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन होतं. डावाच्या टेबलाशी त्याची जागा खिडकीला पाठ करून होती. दुपारी तिथे पाठ भाजते, म्हणून नव्या माणसाला ती जागा द्यायची पद्धत होती. पत्ते वाटले गेले. त्याने आपले दोन उचलून डोळ्यांसमोर धरले. खांद्यावरून आलेलं ऊन थेट पत्त्यांवर पडलं होतं आणि चेहरा सावलीत होता. मिलीने सवयीने त्याच्याकडे बघितलं, आणि तिला त्याच्या चष्म्यात दोन पत्ते दिसले.

नखाएवढे. उलटे. पण एक लाल, एक काळा, आणि लाल पत्त्यावर चित्र, एवढं स्पष्ट.

तिने मान खाली घातली. पुन्हा वर केली. पत्ते तिथेच होते.

त्या दिवशी मिली जिंकली आणि काकांनी आरसे पुसले. तिला दोन घास कमी गेले. ही लबाडी होती आणि ते तिला कळत होतं. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्या पुन्हा ऊन होतं.

चौथ्या दिवशी तिने जे पाहिलं, त्यानंतर सांगणं अवघडच झालं. तिच्यापुढे सहाच काचा उरल्या होत्या. हातात दोन नव्व्या. तिने सहाही काचा पुढे सरकवल्या. काकू आणि काका आधीच बाजूला झाले होते. उरला होता तो. त्याच्या चष्म्यात दोन काळी चित्रं होती. दोन्हींच्या डोक्यावर मुकुट. दोन राजे. तो नक्की जिंकत होता, लहान पोरानेही पत्ते टाकले नसते.

"जाऊ दे," तो म्हणाला आणि राजे उपडे करून गड्डीत सारले. "तुझं."

"काय होते?" मिलीचा आवाज जरा चिरका आला.

"काही खास नव्हते."

त्यानंतर तिने मोजायला सुरुवात केली. चार आठवड्यांत पाच वेळा त्याने तिच्यासमोर चांगले पत्ते टाकले होते. काकूंसमोर एकदाही नाही. काकांना तर त्याने दोन दुर्र्यांवर सोलून काढलं होतं. पाचही वेळा तिच्यापुढच्या काचा संपत आल्या होत्या.

तिला आता कळलं होतं की झाकलेल्या हातात काय असतं. पण कसं कळलं हे सांगितल्याशिवाय, कळलं हे सांगता येत नव्हतं.

त्याच सुमारास दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कारखान्याचं पत्र आलं. काचा घासणाऱ्या विभागाची प्रमुख. हाताखाली बारा माणसं, आणि मिलीने फक्त पुस्तकात पाहिलेली यंत्रं. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत फोन करून होकार किंवा नकार कळवावा.

ताईने पत्र दोनदा वाचलं. दोघी बहिणी एकत्र राहत, आणि ताई विम्याच्या कचेरीत असल्याने तिला सगळ्याच कागदांचा संशय येई.

"चांगलं आहे. मग तोंड का पाडलंयस? त्या नंबरवाल्यामुळे?"

"त्याने थांब म्हटलं तर..."

"तर काय? थांबशील?"

"माहीत नाही. पण म्हणेल का, ते तरी कळायला हवं."

"मग त्याच्याकडून काढून घे. आपण होऊन काही बोलू नकोस," ताई म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू एकदा सांगितलंस की तुझ्या हातात काय उरलं?"

"आणि त्यानेही असंच ठरवलं असेल तर?"

ताईने पत्राची घडी घातली. "मग दोघं बसा मुठी झाकून," ती म्हणाली. पण हे जरा कमी जोरात म्हणाली.

शनिवारी सकाळपासून पाऊस लागला होता. दुपारी एक वाजताही खोलीत ट्यूबलाइट लावावी लागली. पागोळ्यांचा आवाज, ओल्या छत्र्यांचा वास, आणि त्याच्या चष्म्यात नुसता ट्यूबचा पांढरा पट्टा. पत्ते नाहीत. मिलीने दोनदा मान तिरकी करून बघितलं. काहीच नाही.

दोनला सात मिनिटं कमी असताना टेबलावर दोघंच उरले. मिलीने सगळ्या काचा पुढे ढकलल्या.

तो विचार करू लागला. पत्त्यांकडे बघितलं, मग मधल्या पाचांकडे, मग तिच्याकडे.

मिलीने आपले दोन पत्ते उलटून टेबलावर ठेवले. किलवर सत्ती. चौकट दुर्री.

"अगं, हे काय?" काकू म्हणाल्या. "तो अजून बोलला नाही. डाव संपला नाही. असं दाखवत नसतात."

"माहीत आहे, काकू. मी थाप मारत होते." ती त्याच्याकडेच बघत होती. "आणि पाच आठवडे चोरी करत होते. ऊन असलं की तुझ्या चष्म्यात मला तुझे पत्ते दिसतात. तू राजे टाकलेस ते मला दिसलं. नंतरचंही सगळं दिसलं. आणि मला नोकरी आलीय, लांब आहे, आज पाचपर्यंत कळवायचंय. मला तू आवडतोस. एवढेच पत्ते आहेत माझ्याकडे. आता काही उरलं नाही."

पागोळ्या गळत राहिल्या. काकांनी चहाचा कप उचलला होता, तो तसाच हवेत राहिला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"चष्म्याचं. दिवसभर मी हेच बघतो, समोरच्याची नजर कुठे आहे. तू माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हतीस, डोळ्यांच्या दोन बोटं अलीकडे बघत होतीस. दुसऱ्याच दिवशी कळलं."

"मग... कोटिंग का नाही करून घेतलंस?"

त्याने हातातल्या पत्त्यांच्या कडा जुळवल्या. मग पुन्हा जुळवल्या.

"उलट पत्ते जरा वर धरायला लागलो," तो म्हणाला.

"म्हणजे पाच आठवडे," काका सावकाश म्हणाले, "तुम्ही दोघं एकमेकांना पत्ते दाखवत होता आणि आरसे मी पुसत होतो."

"आणि मी," काकू म्हणाल्या. "दोनदा. माझ्याच दुकानातले."

कुणी हसण्याआधी शटरवर टकटक झाली. दोन वाजले होते. पावसात अडकलेली माणसं आडोशाला म्हणून आली आणि आलोच आहोत तर डोळे तपासून घेऊ म्हणाली. तो उठून आपल्या अंधाऱ्या खोलीत गेला. नोकरीबद्दल त्याने एक अक्षर काढलं नव्हतं.

तीन वाजले. साडेतीन झाले. मिली काचा घासत होती आणि प्रत्येक काच दोनदा मोजत होती. सांगून टाकल्यावर हलकं वाटतं असं लोक म्हणतात. तिला तसं काही वाटत नव्हतं. टेबलावर पत्ते उघडे टाकून समोरचा माणूस उठून गेल्यासारखं वाटत होतं. ताई बरोबर होती की काय? चार वाजता तिने कारखान्याचं पत्र काढून यंत्रापाशी ठेवलं.

चार वाजून वीस मिनिटांनी खिडकीतून एक चिठ्ठी आत आली. नेहमीची, छापील. गिऱ्हाइकाचं नाव : रिकामं. आणि त्याच्या बारीक, सरळ अक्षरात :

उजवा डोळा : तू ही नोकरी घ्यावीस.

डावा डोळा : तू रोज समोर बसावंस.

त्याखाली, शेऱ्याच्या जागी : दोन्ही नंबर खरे आहेत. तीनदा तपासले.

तिने चिठ्ठी वाचली. मग खिडकीतून बाहेर डोकावली. तो तिथेच उभा होता. पुढचं गिऱ्हाईक मागे खुर्चीवर खोळंबलं होतं.

"हे टेबलावर बोलता आलं नसतं का?" ती म्हणाली.

"तिथे काकू होत्या. काका होते. आणि... मला इतक्या पटकन नाही येत. तुला येतं."

"मलाही नाही येत. पाय लटपटत होते माझे."

"दिसत नव्हतं."

"टेबलाखाली होते ना."

तो हसला. तीन महिन्यांत त्याचे दात तिने पहिल्यांदा नीट पाहिले. पुढचा एक किंचित वाकडा होता, अर्ध्या मिलीमीटरने.

"आता मी फोनवर काय सांगू?" तिने विचारलं.

"ते मी सांगितलं तर तू मला जन्मभर ऐकवशील."

"म्हणजे जन्मभराचं धरून चाललायस."

त्याचे कान लाल झाले, आणि हे लपवायला त्याच्याकडे काही नव्हतं. खुर्चीवरचं गिऱ्हाईक खाकरलं. चष्मा नसतानाही त्याला सगळं व्यवस्थित दिसत असावं.

पाचला दहा कमी असताना मिलीने दुकानाच्या फोनवरून होकार कळवला. काकूंनी तो फोन काउंटरवर उभं राहून पूर्ण ऐकला, मग आत जाऊन बराच वेळ पत्त्यांची गड्डी लावत बसल्या.

एक तारखेला मिली गेली. स्टेशनवर तो आला होता, ताई आली होती. ताईने त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, "तुम्ही फार कमी बोलता असं ऐकलं." तो म्हणाला, "हो." ताईला तेवढ्यावर तो पसंत पडला.

चार दिवसांनी त्याने काकूंसमोर उभं राहून सरळ सांगितलं की मिलीच्या शहरातल्या डोळ्यांच्या रुग्णालयात एक जागा निघाली आहे आणि तो अर्ज करतोय. काकू म्हणाल्या, "आधी एक नेलीस. आता स्वतःही जा. काकांना घेऊन मी पत्ते खेळते." पण शिफारसपत्र त्यांनीच लिहिलं, आणि त्यात त्याला दोनदा डॉक्टर म्हटलं.

तो मुलाखतीला जाऊन आला. जागा एक होती, उमेदवार एकतीस.

बुधवारी सकाळी अकरा वाजता रुग्णालयाचं पाकीट दुकानात आलं. काकांनी ते उजेडासमोर धरून पाहिलं. कागद जाड होता, काही दिसलं नाही. काकूंनी ते वजन करून पाहिलं आणि नकाराची पत्रं हलकी असतात असं एक मत मांडलं. त्याने पाकीट हातात घेतलं आणि मिलीच्या कारखान्यात फोन लावला. तिला बोलावून आणायला बराच वेळ लागला. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"आलंय," तो म्हणाला. "बंद आहे अजून. उघडू?"

पलीकडे फक्त घरघर.

"मिली? उघडू का?"

"नको," ती म्हणाली. "रविवारी सकाळच्या गाडीने येते मी. माझ्यासमोर उघड."

"तुला तोवर राहवेल?"

"नाही राहवणार. तरी."

"आणि नकार असला तर?"

"म्हणून तर येतेय."

आज शुक्रवार. दुपारी दोनपर्यंत पाकीट उघडलेलं नाही. काकूंनी ते गल्ल्याशेजारच्या खणात ठेवून कुलूप लावलं आहे, कारण काकांचा भरवसा नाही. रविवारच्या गाडीचं मिलीचं तिकीट पक्कं झालं आहे.